दोन-एक

फायनलच्या आदल्या रात्री आमच्या पेठेत कुणी लवकर झोपत नाही. दुकानांची शटर्स खाली येतात, पण तालमीपुढच्या कट्ट्यावर माणसं वाढतच जातात. कुणी मोटारसायकलवर आडवं बसलेलं, कुणी कागदातलं भडंग तळहातावर घेऊन उभं. उद्या गोलमध्ये कोण उभा राहणार, पाय मुरगळलेला तो फॉरवर्ड उतरणार का, त्यांच्या डाव्या विंगवरच्या पोराला कोण धरणार. तीच तीन वाक्यं फिरून फिरून येतात. मी खिडकी उघडी ठेवून ऐकत बसते.

"तीन-शून्य. लिहून घे, भावा."

"गप बस मर्दा. असलं बोलू नगंस."

ही दोन वाक्यं एकामागोमाग आली नाहीत अशी फायनलची रात्र मी पाहिलेली नाही. एकाला बोलल्याशिवाय राहवत नाही, दुसऱ्याला ते ऐकवत नाही. दोघांच्या पोटात गोळा तोच असतो. पहिला तो शब्दांनी बाहेर टाकतो, दुसरा गिळून बसतो.

कोल्हापूरच्या फुटबॉलची मुळं लाल मातीत आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावं परगावच्या माणसाला कुस्तीच्या आखाड्यांची वाटतात आणि त्याचं काही चुकत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी होत्याच. पुढे त्याच तालमींच्या पोरांनी लंगोटाबरोबर फुटबॉलचे बूटही खुंटीला अडकवले. त्यामुळे आमच्याकडे संघ म्हणजे कुण्या कंपनीचा किंवा मालकाचा नसतो. तो गल्लीचा असतो. ज्याला उद्या पेनल्टी मारायची आहे तो परवा आपल्याच दारासमोरून दुधाची किटली घेऊन गेलेला असतो. त्याच्या आईला आपण भाजीच्या गाड्यावर भेटलेलो असतो. दिवाळी सरली की राजर्षी शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू होतो, आधी 16 संघांची लीग, मग बादफेरीच्या स्पर्धा, आणि वळवाचे ढग दिसायला लागेपर्यंत शहराच्या दोन-तीन पेठांची तब्येत त्या एका मैदानावर अवलंबून असते.

आमच्या घरात या सगळ्याचे मुख्य होते तात्या, माझे थोरले चुलते. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर ते दिवाणजी होते. गुळाचा रवा नुसता बघून त्याचं वजन सांगायचे आणि काटा त्यांच्या शब्दाला जागायचा. कडेचा तुकडा मोडून जिभेवर ठेवला की कोणत्या गुऱ्हाळाचा माल हे त्यांना कळायचं. यार्डात त्यांच्या अंदाजावर सौदे व्हायचे. पण फायनलच्या आदल्या रात्री कट्ट्यावर त्यांना कुणी विचारलं, "तात्या, काय हुईल उद्या?" की त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

"दोन-एक. आपण हरणार."

समोर कुणीही असो, आमचा संघ लीगमध्ये एकही मॅच न हरता आलेला असो, तात्यांचा आकडा बदलायचा नाही. तरुण पोरं चिडायची. "तात्या, तुम्ही आपल्या तालमीचं का त्यांच्या?" असंही कुणीतरी म्हणायचं. तात्या टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि पुढच्या माणसाला जागा करून द्यायचे. उत्तर द्यायचे नाहीत.

लहानपणी मला वाटायचं, तात्या घाबरट आहेत. नंतर वाटलं, हा नजर लागू नये म्हणूनचा तोडगा असेल. आमच्याकडे बाळाच्या गालाला काळी तीट लावतात, नव्या घराला बाहुली बांधतात, चांगल्या गोष्टीचं नाव मोठ्यानं घेत नाहीत. गोलच्या जाळीमागं पडलेलं लिंबू मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कुणाची अंबाबाईला ओटी बोललेली असते, कुणी जोतिबाचा गुलाल कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवलेला असतो, कुणाचा मागच्या फायनलला घातलेला शर्ट धुतलेलाच नसतो. या गोष्टींना मी कधी हसले नाही. ज्या गोष्टीवर आपला काडीचाही ताबा नाही तिच्यासाठी हाताला काहीतरी काम हवं असतं. पण तात्यांच्या त्या आकड्यात याहून काहीतरी जास्त होतं, आणि ते समजायला मला बरीच वर्षं लागली.

मला मैदानावर पहिल्यांदा नेलं ते तात्यांनीच. त्यांच्या खांद्यावर बसून मी गॅलरीतली हलगी आणि कैताळ ऐकलं, एका गोलवर हजारो माणसं एकदम उभी राहताना पाहिली. बाराव्या वर्षानंतर मात्र माझं जाणं थांबलं. तेव्हा मुलींनी त्या गर्दीत जायची रीत नव्हती. मग माझी फायनल गच्चीवर होऊ लागली, आईसोबत.

आई मॅच बघायची नाही. पुढे घरच्या टीव्हीवर केबलवाला मॅच दाखवू लागला तरी नाही. चार वाजायला आले की ती पदर खोचायची आणि म्हणायची, "मी न्हाई बघत बाई. वर जातो जरा." गच्चीवर सांडगे, पापड, लाल मिरच्या असं काही ना काही वाळत असायचं. ती मिरच्या उलट्या-पालट्या करत बसायची, एकाच मिरचीला दहा वेळा हात लावायची, आणि कान स्टेडियमकडे. वारा इकडचा असला तर आरोळी यायची. त्या आरोळीचे प्रकार आम्ही दोघींनी शिकून घेतले. चढत जाऊन मध्येच तुटलेली आरोळी म्हणजे चेंडू बारवरून गेला. लांबलेला हुंकार म्हणजे गोलीनं अडवला. आरोळी फुटून पसरत गेली आणि विझेचना, म्हणजे गोल. पण गोल कुणाचा ते आरोळीवरून कळायचं नाही. त्यासाठी फटाक्यांची वाट बघावी लागे. रंकाळ्याच्या अंगाला वाजले तर आमचे, मिरजकर तिकटीच्या अंगाला वाजले तर त्यांचे. आरोळी आणि फटाका यांच्यामधल्या त्या पाच-सात क्षणांत आई मिरच्यांवरचा हात उचलून छातीशी धरायची. तेवढी शांतता मी पुढे कुठल्याही देवळात अनुभवली नाही.

जर्मनीतल्या म्युनिक परिसरात 2006 च्या विश्वचषकात डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची मोजदाद ठेवली होती. 2008 मध्ये ती प्रसिद्ध झाली. जर्मनीची मॅच असलेल्या दिवशी असे रुग्ण इतर दिवसांच्या तुलनेत 2.66 पट होते. ती बातमी वाचली तेव्हा मला आईचा तो छातीवरचा हात आठवला. लोक म्हणतात, नुसता खेळ आहे, एवढं काय. शरीराला मात्र नुसता खेळ आणि खरं संकट यांतला फरक कळत नाही. घसा कोरडा पडतो, तळहात ओले होतात, जेवणाचा घास फिरतो. फायनलच्या दुपारी आमच्या घरात भात नेहमी उरायचा.

फुटबॉल माणसाला इतकं का पिळतो, याचं कारण खेळाच्या बांधणीत आहे. कबड्डीत किंवा बास्केटबॉलमध्ये गुण सारखे पडत असतात, त्यामुळे जो वरचढ आहे तो हळूहळू वर येतोच. क्रिकेटमध्ये सावरायला वेळ मिळतो. फुटबॉलमध्ये 90 मिनिटं धावून हाती येतो एखाद-दुसरा गोल, कधी तोही नाही. इतकं कमी पीक असलेल्या शेतात एक गारही पुरते. पूर्ण वेळ वरचढ खेळलेला संघ एका उडालेल्या चेंडूवर हरतो. म्हणून इथे अंदाज चुकतात, आणि चुकतात म्हणूनच माणसं रात्रभर ते करत बसतात.

अंदाजाचा सगळ्यात मोठा चुराडा ज्या दुपारी झाला ती 16 जुलै 1950 ची. रिओचं माराकाना स्टेडियम त्या विश्वचषकासाठीच उभारलेलं. शेवटच्या साखळीत ब्राझीलनं स्वीडनला 7-1 आणि स्पेनला 6-1 असं धुतलं होतं. उरुग्वेची स्पेनशी बरोबरी झालेली, स्वीडनवर एका गोलनं कसाबसा विजय. ब्राझीलला शेवटच्या मॅचमध्ये नुसती बरोबरी पुरे होती. रिओतल्या एका वृत्तपत्रानं मॅचच्या आधीच संघाचा फोटो छापून त्यांना जगज्जेते म्हटलं. मैदानात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं. फिफाचे अध्यक्ष जूल रिमे यांनी विजेत्यांसाठी पोर्तुगीजमधलं भाषण खिशात ठेवलेलं.

त्या गर्दीत तात्यांसारखा कुणी म्हातारा असेल का, असं मला नेहमी वाटतं. "आपण हरणार" असं कुणीतरी म्हटलं असेल का? म्हटलं असेल तर त्याला गप्प केलं असेल.

उत्तरार्ध सुरू होताच ब्राझीलनं गोल केला. मग 66 व्या मिनिटाला उरुग्वेच्या गिज्जानं उजवीकडून चेंडू आत दिला आणि स्कियाफिनोनं तो जाळ्यात मारला. 1-1. अजूनही विश्वचषक ब्राझीलचाच होता. 79 व्या मिनिटाला गिज्जा पुन्हा तसाच उजवीकडून आला. गोलकीपर मोआसिर बार्बोसानं अंदाज केला, हा मघासारखाच आत देणार. तो अर्धं पाऊल पुढे सरकला. गिज्जानं चेंडू आत दिला नाही, त्या अर्ध्या पावलाच्या फटीतून जवळच्या खांबाला चाटून आत मारला. 2-1.

आकडा तोच, तात्यांचा.

पुढे काय झालं ते फुटबॉल बघणाऱ्यांना माहीत आहे. ब्राझीलनं ती पांढरी जर्सीच टाकून दिली. नव्या जर्सीसाठी 1953 मध्ये स्पर्धा झाली आणि आज आमच्या पेठेतली पोरं अंगात घालून हिंडतात ती पिवळी जर्सी जन्माला आली. जर्सी बदलता आली, बार्बोसाला आपलं नाव बदलता आलं नाही. एका अख्ख्या देशानं हरण्याची शक्यता मनातही आणलेली नव्हती, त्यामुळे हार आली तेव्हा ती ठेवायला कुणाच्याही घरात जागा नव्हती. सगळी एकाच माणसाच्या अंगणात टाकली गेली. ब्राझीलमध्ये मोठ्यात मोठी शिक्षा 30 वर्षांची असते, माझी मात्र 50 वर्षांनीही संपली नाही, अशा अर्थाचं तो आयुष्याच्या शेवटी बोलत असे. 2000 मध्ये तो गेला.

याच्या शेजारी मी नेहमी आपल्या जवळची एक गोष्ट ठेवते. 20 डिसेंबर 2015, गोव्यातलं फातोर्डा, इंडियन सुपर लीगची फायनल. एफसी गोवा आपल्या घरच्या मैदानावर 87 व्या मिनिटाला 2-1 असा पुढे गेला. गोव्याचे लोक नाचू लागले. नव्वदाव्या मिनिटाला गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमणीचा हात लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला, आणि भरपाईच्या वेळेत चेन्नईनं तिसरा गोल केला. तीन-चार मिनिटांत नाचणारं मैदान मुकं झालं. हाच कट्टीमणी 20 मार्च 2022 ला त्याच फातोर्ड्यात पुन्हा फायनल खेळला, या वेळी हैदराबादकडून, केरळविरुद्ध. मॅच 1-1 अशी सुटून टायब्रेकर झाला, त्यात त्यानं तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद विजेता झाला. मधल्या सहा-सात वर्षांत त्याला कुणीतरी उभं राहू दिलं होतं, चुकलेल्या हातांवर पुन्हा भरवसा ठेवला होता. बार्बोसाला जे मिळालं नाही ते एवढंच.

टायब्रेकरवरून आठवलं. 2007 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी मोठ्या स्पर्धांतल्या 286 पेनल्टी तपासल्या. गोलकीपर मधोमध उभा राहिला तर अडवण्याची शक्यता सगळ्यात जास्त, असं त्यांना आढळलं. पण उभे राहणारे शंभरात जेमतेम सहा. बाकीचे डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेतात, कारण झेप घेऊन गोल झाला तर निदान काही केल्यासारखं वाटतं, आणि नुसतं उभं राहून गोल झाला तर लोक माफ करत नाहीत. मला यात गोलकीपरपेक्षा समर्थक जास्त दिसतो. फायनलच्या आदल्या रात्री नुसतं बसणं कुणालाच जमत नाही. अंदाज सांगणं, पैज लावणं, शर्ट न धुणं, मिरच्या उलट्या करणं, या सगळ्या त्याच झेपा. मैदानात 11 जण धावणार, आपण गॅलरीत किंवा गच्चीवर, आणि आपल्या हातात काही नाही. हे सोसत थांबणं ही समर्थकाची खरी मेहनत आहे आणि तिचा हिशोब कुठल्या स्कोअरबोर्डवर लागत नाही.

तात्यांनी आयुष्यात एकदाच वेगळा आकडा सांगितला.

त्या वर्षी त्यांना हृदयाचा त्रास सुरू झाला होता. डॉक्टरांनी गॅलरीची पायरी चढायची नाही म्हणून बजावलं होतं. फायनलच्या आदल्या रात्री ते काठी टेकत कट्ट्यापर्यंत गेले. नेहमीचा प्रश्न आला. तात्या थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "यंदा आपण जिंकतोय. बघाच." क्षणभर कट्टा गार पडला आणि मग केवढा जल्लोष. कुणीतरी हलगी आणली. पोरं तात्यांना खांद्यावर घेऊ लागली, तेव्हा थोरल्यांनी दटावलं. त्या रात्री घरी परतल्यावर त्यांनी माझ्या आईला सांगितलं, "एकदा तोंडानं म्हणून बघावंसं वाटलं."

दुसऱ्या दिवशी ते गच्चीवर आमच्यासोबत बसले. मॅच बरोबरीत सुटली, टायब्रेकर झाला. चार आरोळ्या, चार हुंकार, काही कळेना. शेवटी एक आरोळी चढली आणि मध्येच तुटली. चेंडू बारवरून गेला होता. कुणाचा? आम्ही तिघं गच्चीच्या कठड्याला धरून उभे. फटाके मिरजकर तिकटीच्या अंगाला वाजले.

ती पेनल्टी मारणारा मुलगा आमच्याच गल्लीतला, 19 वर्षांचा. दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे आला, तात्यांच्या पाया पडला आणि तिथंच बसून रडायला लागला. "तात्या, तुम्ही म्हटला हुता जिंकणार म्हणून. मी घालवली."

तात्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तू न्हाईस घालवलीस, पोरा. मी बोललो तिथंच चुकलं. मी आपलं दोन-एक म्हणायला पाहिजे हुतं. चूक माझी हाय."

आईनं त्याला चहा-खारी दिली. त्यानं खारी चहात बुडवून खाल्ली, जाताना डोळे पुसले, आणि संध्याकाळी मैदानावर सरावाला गेला. पुढे चार हंगाम तो तालमीकडून खेळला.

त्या सकाळी मी दारात उभी होते आणि तात्यांचा आकडा मला पहिल्यांदा कळला. वर्षानुवर्षं ते हार आधीच स्वतःच्या नावावर लिहून ठेवत होते. उद्या संघ जिंकला तर आनंद सगळ्यांचा, हरला तर "तात्या म्हणालेच होते", म्हणजे तात्यांचा. पोरांच्या पाठीवरचं ओझं आदल्या रात्रीच थोडं हलकं करून ठेवायचं, एवढंच त्यांना करता येण्यासारखं होतं, आणि ते त्यांनी कुणाला न सांगता केलं. आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. त्यांच्या हरण्यातही आपला एक गोल असायचा. दोन-शून्य ते कधी म्हणाले नाहीत. हरायचं असलं तरी आपलं पोर एकदा तरी त्यांच्या जाळ्यापर्यंत पोचणार, हा हिशोब त्यांनी पक्का ठेवला होता.

फायनलआधीची भीती मला तेव्हापासून चांगली वाटते. जो घाबरतो त्यानं समोरच्या संघाची ताकद ओळखलेली असते, म्हणजे त्याचा मान राखलेला असतो. त्यानं हरण्याला घरात कोपरा दिलेला असतो. असा माणूस हरला तर मान खाली घालून घरी जातो, भात न जेवता झोपतो आणि सकाळी कामाला लागतो. 2017 मध्ये भारतात 17 वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला तेव्हा आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला. भारत तिन्ही मॅच हरला. पेठेत त्या रात्री कुणी कुणाला दोष दिला नाही. कोल्हापूरचं पोर विश्वचषकाच्या मैदानावर धावलं, याचाच अभिमान जास्त होता. कारण जिंकूच अशी खात्री घेऊन कुणी बसलं नव्हतं.

दगड उचलतो तो वेगळा माणूस. त्याच्याबद्दल न लिहिता ही फायनलची रात्र पुरी होणार नाही. मॅच संपल्यावर गॅलरीतून बाटल्या येतात, रस्त्यावर दगड येतात, दुसऱ्या पेठेच्या दारात लावलेल्या मोटारसायकली आडव्या होतात. पोलिसांच्या काठ्या येतात, पोरांवर गुन्हे लागतात आणि त्यांच्या आया महिनोन्महिने कोर्टाच्या आवारात बसतात. भरतीची तयारी करणारी पोरं त्यात अडकलेली मी पाहिली आहेत. ईर्ष्या आमच्या रक्तात आहे असं आम्ही अभिमानानं म्हणतो आणि ते खोटं नाही. पण कुस्तीत चीतपट झालेला मल्ल उठून समोरच्याशी हात मिळवतो, ही ईर्ष्येचीच अर्धी बाजू आहे, आणि ती आम्ही तालमीत विसरून मैदानावर आलो. दगड मारणाऱ्यानं आपल्या वाटणीची हार घ्यायला नकार दिलेला असतो. ती तो दुसऱ्याच्या डोक्यात घालतो, रेफ्रीच्या नाही तर समोरच्या पेठेच्या, कधी आपल्याच गोलीच्या. माराकानानंतर बार्बोसाचं जे झालं ते दगड न उचलता झालं, पण जात तीच.

म्हणून पेठेतल्या पोरांना माझं एक सांगणं आहे. उद्या घाबरा. पोटात गोळा येऊ द्या, अंबाबाईला नारळ बोला, शर्ट धुऊ नका, आकडे सांगा, एकमेकांना गप्प करा. पण आज रात्रीच हरण्याचा आपापला वाटा मोजून घ्या आणि तो खिशात घालून मैदानावर या. जिंकलो तर तो तिथंच टाकून नाचत या. हरलो तर तो घेऊन सरळ घरी या.

तात्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई गच्चीवर जाते, जिना चढताना दोनदा थांबते. मिरच्या आता विकतच्या आणतो, पण फायनलच्या दिवशी तिच्यासाठी मी सुपात थोड्या तरी ठेवते. मुली आता मैदानावर जातात आणि खेळतातही. माझी भाची शाळेच्या संघात गोलमध्ये उभी राहते. 2022 च्या डिसेंबरात अर्जेंटिना आणि फ्रान्सची फायनल बघताना ती माझ्या मांडीवर होती. एमबापेनं दोन मिनिटांच्या आत दोन गोल करून 2-2 केलं तेव्हा सगळं घर ओरडत होतं, आणि ती एकटी विचारत होती, "आत्या, आता त्या गोलीला कसं वाटत असंल?"

आज संध्याकाळी ती आली. पाठीवर दप्तर, हातात ग्लोव्हज. उद्या आम्ही दोघी गॅलरीत बसणार आहोत. दारातच तिनं विचारलं, "आत्या, काय होईल गं उद्या?"

खिडकीखाली कट्टा भरत आला होता. कुणीतरी तीन-शून्य म्हणत होतं आणि कुणीतरी त्याला गप्प करत होतं.

"दोन-एक," मी म्हणाले. "आपण हरणार."

मॅच चार वाजता आहे.